पायदळातले गजभिये

गजभियेंनी मला पहिल्यांदा अडवलं ते ओळखपत्रासाठी नव्हे, सँडलसाठी. नागपुरात, मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायला रुजू होण्याचा तो माझा पहिला दिवस. नवी साडी, नव्या उंच टाचांच्या सँडल आणि चालण्यात जमेल तितका रुबाब. गेटवरच्या स्टुलावरून खाकी कपड्यातला, पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस उठला आणि माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत म्हणाला, "बसा जी."

मी बसले. त्या आवाजात जरब नव्हती, पण न बसण्याची सोयही नव्हती.

"हे जोडे तुमचे नाही," ते म्हणाले.

"माझेच आहेत. कालच घेतले."

"घेतले असंन जी. पण पायाचे नाही. सकाळी घेतले ना? पाय संध्याकाळी फुगते. जोडे संध्याकाळीच घ्या लागते." एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या खिशातून मलमपट्टी काढून माझ्या हातात दिली आणि मग सहीसाठी रजिस्टर पुढे केलं.

टाचेला फोड आलाय हे तोवर माझं मलाही नीट कळलं नव्हतं. तेव्हापासून आजपर्यंत मी जोडे संध्याकाळीच घेत आले आहे. पीएच.डी. करून जे शहाणपण आलं नव्हतं ते गेटवर दोन मिनिटांत आलं, आणि तेही फुकटात.

शिवदास गजभिये, राहणार कामठी. सतरा वर्षं पायदळात होते. त्यात एकाहत्तरची लढाई येऊन गेली. दोन फिती लागून नाईक झाले, पेन्शनीत निघाले आणि पुढे आमच्या गेटवर आले. शूर माणसाकडे जे जे असावं असं आपल्याला वाटतं, त्यातलं त्यांच्याकडे काहीही नव्हतं. मिशा नव्हत्या, आवाज बेताचा होता आणि छाती शोधावी लागे. सव्वीस जानेवारीला मात्र कोटावर चार पदकं लावून येत. कशाची आहेत म्हणून मुलींनी विचारलं की एकेकावर बोट ठेवून सांगत, "हे हजेरीचं. हे थंडीत राह्यलो त्याचं. हे लढाई चालू होती तवा नोकरीवर होतो त्याचं. आन हे काहून भेटलं ते मलेबी मालूम नाही. सगळ्याइलेच भेटते पोरीहो."

रोज कामठीहून शेअर ऑटोनं इंदोऱ्यापर्यंत यायचे आणि तिथून पुढे चालत. दुसरी ऑटो मिळत नाही का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भेटते ना. पण पायाइले वाटंन का आपल्याले रिटायर केलं."

त्यांची दुसरी विद्या म्हणजे झोप. स्टुलावर ताठ बसून, डोळे अर्धे उघडे ठेवून ते मोजून सात मिनिटं झोपत. आठवं मिनिट नाही. बघणाऱ्याला वाटावं हा माणूस कसला तरी खोल विचार करतोय. आमच्या प्राचार्यबाई भलत्या कडक. त्यांनी एकदा हे खोलवरचं चिंतन ओळखलं आणि समोर उभ्या राहून म्हणाल्या, "गजभिये, झोपला होतात?"

"हो जी."

"ड्यूटीवर?"

"सात मिन्टं जी. अजून दोन बाकी हायत."

खोटं बोलणाऱ्यांना कसं फैलावर घ्यायचं हे बाईंना उत्तम ठाऊक होतं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं हे त्यांना सुचेना. त्या गेल्या, आणि गजभियेंनी उरलेली दोन मिनिटं पूर्ण केली. मला नंतर म्हणाले, "फौजेत ज्याले झोपता येत नाही तो मरते जी. गोळीनं नाही, कटकटीनं."

प्रत्यक्ष लढाई पाहिलेला माणूस गेटवर बसलाय आणि मी वर्गात पुस्तकातल्या लढाया शिकवतेय, ही गोष्ट मला बोचायची. शेवटी एका डिसेंबरात मी त्यांना वर्गात नेलं. मुलींना आधीच भरपूर चढवून ठेवलं होतं. गजभिये फळ्यासमोर ताठ उभे राहिले आणि अर्धा तास खणण्यावर बोलले.

"लढाईत मी सगळ्यात जास्त काय केलं असंन, तर खंदलं. चालत जा, खंद. जरा पुढं सरक, पुन्हा खंद. जेवढं मी पंजाबात खंदलं, तेवढं माह्या बापानं जिंदगीभर वावरात नाही खंदलं." मग मोज्यांवर आले. ओले मोजे शर्टाच्या आत पोटावर ठेवून झोपलं की सकाळी सुकतात. "मोजे सुकते, पण पोट बिघडते. म्हून एका दिवशी एकच मोजा सुकवावा."

मुली हसून लोटपोट. माझा इतिहास मात्र ताटकळत उभा होता. एकीनं धीर करून विचारलं, "मामा, तुम्ही शत्रूचे किती मारले?"

"धुकं लय होतं पोरी. माह्या गोळ्या धुक्यात गेल्या. धुकं मेलं असंन तर सांगता येत नाही."

मग मागच्या बाकावरून एक बारीकसा प्रश्न आला. "तुमचा कोणी मित्र गेला का मामा?"

गजभियेंनी घड्याळाकडे पाहिलं. "टाइम झाला जी," मला म्हणाले, आणि टाचेवर वळून वर्गाबाहेर गेले. तास संपायला पंधरा मिनिटं होती. आपल्या पोटाची, मोज्यांची, फोडांची सगळी हकिकत जगाला सांगणारा हा माणूस एवढ्या एका प्रश्नाला पाठ दाखवून गेला, हे माझ्या मनात राहिलं. पण मी पुन्हा विचारलं नाही.

त्यांच्या खणण्याचा आम्हाला प्रसादही मिळाला. वृक्षारोपणासाठी गेटाजवळ एक खड्डा करून ठेवा, असं प्राचार्यबाईंनी सांगितलं. किती खोल, हे सांगायचं राहिलं. पाहुणे आले, फीत कापली, आणि बघतात तर खड्डा छातीभर खोल, कडा तासलेल्या आणि आत उभं राहून कोपर टेकवायला एक कट्टासुद्धा. पाहुण्यांनी कडुलिंबाचं रोप आत सोडलं ते दिसेनासंच झालं. फोटोवाला म्हणाला, साहेब, झाड कुठंय? प्राचार्यबाईंनी गजभियेंकडे पाहिलं. "खड्डा म्हटलं जी तुमी," ते अगदी शांतपणे म्हणाले. "याच्याहून उथळ खड्ड्यात मी मानूस ठेवत नाही." अर्धा खड्डा बुजवून मग ते रोप लावलं. झाड आता दुमजली झालं आहे. त्याच्या मुळाखालची भुसभुशीत माती पायदळाची आहे.

गजभियेंनी कॉलेज सोडल्याला पाचेक वर्षं झाली असतील. एका सकाळी ते माझ्या घरी आले. सत्तरी गाठलेली, पण चाल तीच. चपला दारात जोडीनं लावल्या, खुर्चीच्या कडेवर बसले आणि घडी घातलेली एक छापील पत्रिका माझ्यापुढे ठेवली. लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून सावनेरजवळच्या खापा गावातल्या लोकांनी आपल्या शहीद जवानाचा दगड बसवायचं ठरवलं होतं. शिपाई देवराव मेश्राम. प्रमुख वक्ते म्हणून त्याचे सोबती शिवदास गजभिये.

"दोन पानं भाषण लिहून द्या जी," ते म्हणाले.

मी कागद घेतला. ते सांगू लागले. देवराव तीन दिवस अन्नपाण्यावाचून खंदकात बसून होता, आणि तशा उपाशीपोटी रांगत जाऊन त्यानं एकट्यानं शत्रूची मशीनगन बंद पाडली. ते हे सगळं भिंतीकडे बघत, पाठ केलेलं म्हणावं तसं सांगत होते.

माझी खोड जाते कुठे? मी विचारलं, "तीन दिवस अन्न का नव्हतं? पलटणीचं लंगर, म्हणजे स्वयंपाकघर, मैलभरच मागे होतं असं तुम्हीच वर्गात सांगितलं होतं."

गजभिये हसले, पण ते हसू काही टिकलं नाही. "तुमी इतिहासवाले लय वाईट, म्याडम."

मी पेन खाली ठेवलं.

"मशीनगन-बिशीनगन काही नव्हती जी. आमी दोघं लंगरातून सगळ्याइचं जेवन घेऊन येत होतो. सकाळचं धुकं होतं. तिकडून तोफेचा एक गोळा आला. कोनावर टाकला ते टाकनाऱ्यालेबी मालूम नसंन. देवराव दहा पावलं पुढं होता. झालं. दुसऱ्या दिवशी लढाई थांबली."

"मग ही गोष्ट कुठून आली?"

"माह्या तोंडातून."

लढाईनंतर पहिल्या सुट्टीवर जाणाऱ्यांत जो त्या भागातला असेल, त्यानं गेलेल्याच्या सामानाची पेटी त्याच्या घरी पोचवायची, ही त्यांच्या पलटणीची रीत. नागपूरकडचे गजभिये एकटेच. वय वीस. देवरावची काळी पेटी डोक्यावर घेऊन खाप्याच्या बसस्टँडवर उतरले, आणि घरी पोचेपर्यंत सगळी वस्ती मागे चालत आलेली.

"देवरावचा बाप ओट्यावर बसला होता जी. कसा मेला असं नाही इचारलं त्यानं. 'कसा लढला माहा पोरगा,' असं इचारलं. आता त्याले काय सांगू? पुऱ्या घेऊन येत होता म्हून सांगू?" गजभियेंनी कपाळावरून हात फिरवला. "रेल्वेत दुसऱ्या पलटनीच्या एका मानसानं कोनाची तरी गोष्ट सांगतली होती. तीच देवरावच्या नावानं सांगून टाकली. म्हाताऱ्याची मान वर झाली. मंग ती गोष्ट गावाची झाली. तवा एक मशीनगन होती, आता आयकतो तं तीन झाल्या."

बोलणं एक वेळ ठीक होतं. आता ते दगडावर कोरलं जाणार होतं, आणि त्यांच्या तोंडून वदवून. त्यांची झोप उडाली होती ती याच्यामुळे. "खोटं कोरू देलं तं देवरावले काय तोंड दाखवू? आन खरं सांगतलं तं बाईले काय उरते?" बाई म्हणजे देवरावची मोठी बहीण, कौसल्याबाई. आईमागे तिनंच त्याला वाढवलेलं. "तिच्याजवळ भाऊ नाही, तेवढी गोष्ट हाय."

मी सत्याची कैवारी, मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "खरं तेच सांगा." मग त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "किंवा राहू द्या, एवढ्या वर्षांनी कशाला."

"दोन्हीबी तुमीच सांगून राहिल्या," गजभिये म्हणाले. "तुमी संगं चला जी."

मी गेले. सावनेरवरून एसटीनं खाप्याला पोचलो. इस्त्रीचा कोट, चार पदकं, आणि बसस्टँडपासून गजभिये असे झपाझप चालले की मी मागे पडून धापा टाकत होते. शाळेच्या कोपऱ्यावर मंडप होता. कापडाखाली दगड, आणि त्याच्या शेजारी छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला कारागीर. समितीचे अध्यक्ष उत्साहानं धावत आले. "गजभिये साहेब, नाव कोरून तयार हाय. खालच्या दोन ओळींची जागा मोकळी ठेवली. तुमच्या भाषनातून घेऊ, इथंच कोरू, सगळ्याइच्या समोर."

कार्यक्रमाला तासभर होता. गजभिये तिथे थांबलेच नाहीत. थेट कौसल्याबाईंच्या घरी.

पंचाहत्तरीच्या, काटक, पांढऱ्या स्वच्छ लुगड्यातल्या बाई. पन्नास वर्षांत गजभिये त्यांच्याकडे लग्नाकार्याला, मयताला येऊन गेले होते, पण देवरावच्या तारखेला कधीच नाही. तेवढ्या दिवशी त्यांना खाप्याकडे फिरकायचा धीर होत नसे. बाईंनी जयभीम केला, आम्हाला बसवलं, शेजारून आणवलेला बिनदुधाचा चहा दिला.

"जेवनाचं इचारत नाही, वाईट नोका वाटून घेऊ," त्या मला म्हणाल्या. "आजच्या दिवशी माह्या घरी चूल पेटत नाही."

"उपास असतो का?" मी विचारलं.

"उपास कायचा वं बाई. माहा भाऊ तीन दिसाचा उपाशी गेला. त्या दिवशी मी कशी जेवू? लहानपनापासून भूक सहन होत नव्हती त्याले. रडे. मी दुसऱ्याच्या घरून मागून आनून देऊ. आन शेवटी उपाशीच गेला." त्या हे तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. रोजच्या भाजीबद्दल बोलावं तसं सांगत होत्या. "एक दिवस नाही जेवलं तं मरत नाही मी. पन्नास वरसं झाले."

गजभियेंनी कप खाली ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "तो उपाशी नाही गेला."

त्यांनी सांगितलं, आणि या वेळी भिंतीकडे नाही, बाईंकडे बघून सांगितलं. जेवण आणायची पाळी कुणाचीही असो, हात पहिला देवरावचा वर. कारण मैलभर चालत जाऊन जो जेवण आणतो, त्याला लंगरात कढईतलं खायला मिळतं. इतरांपर्यंत पोचेस्तोवर पुऱ्या चामड्यासारख्या होत. "त्या दिवशी सात पुऱ्या खाल्ल्या त्यानं. लंगरचा वस्ताद वरडला, बाकीच्याइले ठेव म्हने. देवरावनं त्याले हात जोडले आन निघताना एक अजून उचलली. पाठीवर सगळ्याइच्या भाजीचा डबा, आन हा आपला खात खात चालला. मी मागून म्हनलं, हळू चाल गा, भाजी सांडंन. त्यानं मागं वळून पाह्यलं, तोंड भरलेलं होतं म्हून बोलला नाही, नुसता हसला. मंग गोळा आला. त्याच्या तोंडात घास होता, बाई. हे मी कोनाले सांगू?"

बाहेर मंडपातल्या भोंग्याची चाचणी चालली होती. मला वाटलं, आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं.

"गरम होत्या?" बाईंनी विचारलं.

"कढईतल्या."

"संगं काय होतं?"

"आलूची भाजी. आन गुळाचा चहा."

"आलू लय आवडे त्याले," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. "पन्नास वरसं काहून नाही सांगतलं गा तू?"

"लाज वाटली बाई. तुमालेबी त्याची लाज वाटंन, असं वाटलं."

"भूक लागली आन जेवला. याच्यात कायची लाज? मी मेली इथं दर साली त्याच्या भुकेनं." मग पदरानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "आन मशीनगन?"

"नव्हती."

"नसू दे," बाई म्हणाल्या. "चाल, लोकं वाट पाहून राहिले."

भाषण चार मिनिटांचं झालं. मी लिहिलेलं नव्हतं. गजभियेंनी जसं घडलं तसं सांगितलं, आणि पहिलं खोटं कुणी सांगितलं तेही सांगितलं. अध्यक्षांना माइक कुणाकडे द्यावा ते कळेना. पहिल्या रांगेतून कौसल्याबाई उठल्या आणि कारागिराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "लिव्हा," त्या म्हणाल्या. "सोबत्याइचं जेवन आनताना गेला. स्वता जेवून गेला." अध्यक्षांनी हळूच, एक तरी मशीनगन राहू द्यावी असं सुचवून पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. कारागिरानं छिन्नी उचलली. त्यानं फक्त "सोबत्यांचं" असं शुद्ध करून घेतलं, बाकी शब्द बाईंचेच ठेवले. मंडपातल्या बायका डोळे पुसत होत्या, आणि आठवी पुरी ऐकून काही जणी हसतही होत्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी गजभिये कामठीला घरीच, साध्याशा दुखण्यानं गेले. मी परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी होते, त्यामुळे शेवटचं दर्शनही झालं नाही. याचं मला वाईट वाटतं, पण फार नाही. कारण त्यांचं शेवटचं म्हणून जे मला आठवतं ते खाप्याचं आहे, त्याच दिवशी दुपारचं.

कार्यक्रम आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा बाईंनी गॅस पेटवला होता. शेजारणी कणीक घेऊन धावल्या, कुणी आलू चिरले. अख्ख्या वस्तीला माहीत होतं की या घरात आज चूल पेटत नसते, त्यामुळे दारात बघायला ही गर्दी. बाईंनी आधी आम्हा दोघांना वाढलं. गजभिये चार पुऱ्या खाऊन उठले, हात धुतले, कोट काढून खुंटीला लावला आणि बाईंच्या हातातून झारा काढून घेतला. "बसा आता तुमी," म्हणाले. बाई भिंतीला टेकून बसल्या. गजभियेंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं, कढईतली पुरी वाढली, भाजी वाढली आणि चार पदकं लावलेल्या त्या कोटाखाली शर्टाच्या बाह्या सारून उभे राहिले. बाईंनी पहिला घास घेतला. दात थोडेच उरलेले, चावायला वेळ लागत होता. दुसरी पुरी झाली, तिसरी झाली.

"पुरे, बाई?" गजभियेंनी विचारलं.

"वाढ गा," त्या म्हणाल्या. "भूक हाय मले."